लोडरला पंजा बसवण्याआधी तेल परत कुठं जातं ते शोधा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वरुडच्या बाजूला संत्र्याची बाग आहे. २७ अश्वशक्तीचा छोटा फोर-व्हील ट्रॅक्टर आहे, त्याला पुढं लोडर आणि बकेट बसलेली आहे. आता छाटणीच्या फांद्या, उपटलेली पऱ्हाटी आणि धुऱ्यावरची वेडी बाभूळ उचलायला वरून दाबून धरणारा पंजा, म्हणजे ग्रॅपल, लावायचा आहे. गावचा मिस्त्री म्हणतो, "ट्रॉलीच्या जॅकचा पॉइंट हाये ना मांगं, तिथूनच पाइप पुढं नेऊ." हे जमेल का, की वेगळा व्हॉल्व्ह घ्यावा लागेल, आणि घ्यायचा तर कोणता?

ट्रॉलीचा पॉइंट आहे तसा वापरता येणार नाही, अशीच शक्यता जास्त आहे. ट्रॉलीचा जॅक तेलाच्या जोरावर वर जातो आणि ट्रॉलीच्या वजनाने खाली बसतो. म्हणून तिथं एकच पाइप लागतो आणि बहुतेक ट्रॅक्टरवर तो पॉइंट एकेरीच असतो. पंजाला दोन्ही बाजूंनी जोर लागतो. मिटताना दाब हवाच, पण काट्याच्या फांद्या दातांत अडकल्या की उघडतानाही दाब लागतो. उघडायला स्प्रिंग लावून काम भागवलेले पंजे मी पाहिले आहेत. बाभळीची एक वाकडी फांदी अडकली की स्प्रिंग हार मानते आणि माणूस हात घालून ओढायला जातो. तिथंच बोटं जातात. तुमच्या ट्रॅक्टरच्या मागं एका लिव्हरला दोन कपलर (पाइप झटकन जोडायची-सोडायची तोंडं) असतील, तर पॉइंट दुहेरी आहे आणि मिस्त्रीचा विचार करून पाहता येईल. एकच कपलर असेल तर तो नाद सोडा.

दुहेरी पॉइंट असला तरी त्याची लिव्हर मागं, सीटच्या बाजूला असते. एक हात स्टिअरिंगवर, एक लोडरच्या जॉयस्टिकवर, मग पंजाची लिव्हर ओढायची कोणी? दिवसातून दोन-चार ओझी उचलायची असतील तर चालून जातं. पऱ्हाटीचा ढीग हलवताना मात्र पंजा दर मिनिटाला उघड-मीट करावा लागतो. एका दिवसात खांदा भरून येतो, आणि त्याहून वाईट म्हणजे नजर मागं जाते.

आता मुख्य मुद्दा. गेली बावीस वर्षं मी लोडरच्या हायड्रॉलिकचंच काम करतो आहे, आणि बिघडून माझ्याकडे आलेल्या लोडरांपैकी निम्म्यांहून जास्त एकाच कारणाने बिघडले होते. नवा व्हॉल्व्ह घेताना तेल कुठून येणार याचा विचार केला होता, परत कुठं जाणार याचा केला नव्हता.

आपल्याकडच्या छोट्या ट्रॅक्टरांना गिअर पंप असतो. इंजिन चालू आहे तोवर तो तेल ढकलतच राहतो. लिव्हर मधे असताना तेल लोडरच्या व्हॉल्व्हमधून सरळ पुढं निघून जातं आणि टाकीत परत येतं. याला ओपन सेंटर म्हणतात. ओढ्याचं पाणी एका शेतातून दुसऱ्या शेतात जातं तसं समजा. मधे कुणी पूर्ण बांध घातला तर पाणी चढतं आणि कुठून तरी फोडून निघतं. इथं ते रिलीफ व्हॉल्व्हमधून, म्हणजे दाब हद्दीबाहेर गेला की उघडणाऱ्या झडपेतून, निघतं, किंवा रिलीफच्या वाटेबाहेर बांध पडला असेल तर सील फोडून निघतं. म्हणून नवा व्हॉल्व्ह कुठंही लावा, आपण बटण दाबलेलं नसताना तेलाला त्याच्यातून मोकळी वाट मिळालीच पाहिजे.

तुमच्या लोडरची रचना दोनपैकी एक असेल. पहिल्या रचनेत ट्रॅक्टरचाच पंप आधी लोडरला तेल देतो आणि तेच तेल पुढं मागच्या लिफ्टला जातं. तेल गिअरबॉक्सच्या घरातलंच असतं. दुसऱ्या रचनेत वर्कशॉपवाल्याने लोडरला स्वतंत्र पंप आणि स्वतंत्र टाकी दिलेली असते. पंप पुढून क्रँकच्या पुलीवर किंवा मागून पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, चालतो. कोणती रचना आहे ते विचारत बसू नका, हाताने पाहा. इंजिन बंद करा, बकेट जमिनीवर टेकवा, पंपापासून पाइप धरा आणि टाकीपर्यंत बोट फिरवत जा. वाटेत लागणारी प्रत्येक जोडणी कागदावर काढा. हा कागद मला कुठल्याही फोटोपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

लोडरच्या व्हॉल्व्हवर साधारण चार प्रकारची तोंडं असतात. एकातून पंपाचं तेल आत येतं. जॅककडे जाणाऱ्या जोड्या असतात. एक टाकीचं तोंड असतं. चौथं असतं पॉवर बियाँडचं, म्हणजे व्हॉल्व्हने न वापरलेलं तेल दाबासकट पुढच्या व्हॉल्व्हला देणारं. पुष्कळ मोनोब्लॉकवर, म्हणजे एकाच ओतीव ठोकळ्यात बनलेल्या व्हॉल्व्हवर, ही सोय झाकणाने बंद असते आणि ती उघडायला वेगळी स्लीव्ह लागते. मिस्त्री लोक इथं सोपा मार्ग काढतात. टाकीच्या तोंडातून निघणारा पाइप कापून नव्या व्हॉल्व्हला देतात. तेल निघतंच आहे, मग काय अडलं? अडतं असं की टाकीच्या तोंडाकडचा भाग दाब सहन करायला बनवलेला नसतो. तुम्ही पंजा मिटवून धरला की पूर्ण दाब उलट त्या तोंडावर येतो. काटोल भागातल्या एका शेतकऱ्याच्या लोडरवर मी हेच पाहिलं. पहिले दोन दिवस सगळं छान चाललं. तिसऱ्या दिवशी स्पूलच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या आत सरकणाऱ्या दांड्याच्या, टोकाचं सील फुटलं आणि गरम तेल थेट चालवणाऱ्याच्या पायावर आलं. पोटरी भाजली. व्हॉल्व्ह तर गेलाच.

मग तुमच्यासाठी काय? मी तुमच्या जागी असतो तर सहा तोंडांचा डायव्हर्टर घेतला असता. हा बारा व्होल्टच्या कॉइलवर चालणारा वळवणारा व्हॉल्व्ह असतो. तो बकेट वाकवणाऱ्या जॅकच्या दोन पाइपांमधे बसतो. जॉयस्टिकवर बटण असतं. बटण सोडलेलं असेल तर जॉयस्टिक आडवी हलवल्यावर बकेट वाकते. बटण दाबून तीच हालचाल केली तर पंजा उघडतो किंवा मिटतो. मला हा का आवडतो? कारण पंप, टाकी, रिलीफ आणि मागच्या लिफ्टची वाट या साखळीला हातच लागत नाही. परत जाणाऱ्या तेलाचा प्रश्न उभाच राहत नाही, कारण ते जुन्या वाटेनेच जातं. शिवाय लोडरचा मूळ रिलीफ पंजालाही सांभाळतो. लोडरच्या दोन हातांना जोडणाऱ्या आडव्या पाइपवर पट्टी वेल्ड करून तो बसवता येतो.

त्याची उणीव एकच आहे: बकेट वाकवणं आणि पंजा मिटणं एका वेळी होत नाही. तुमच्या कामात ती फारशी टोचणार नाही. ढिगात दात घालायचे, बटण दाबून पंजा मिटायचा, बटण सोडून मागं वाकवायचं आणि उचलायचं. दोन दिवसांत हात बसतो. घेताना एक गोष्ट आवर्जून तपासा. कॉइलला वीज नसताना वाट बकेटकडे उघडी राहिली पाहिजे. वावरात तार तुटली तर पंजा बंद पडेल, पण बकेट चालेल आणि ट्रॅक्टर घरी येईल.

भाड्याने काम करायचं असेल, रोज आठ-आठ तास बाभूळ काढायची असेल, तर मात्र स्वतंत्र तिसरा व्हॉल्व्ह घ्या. तुमच्या लोडरला स्वतंत्र पंप-टाकी असेल तर हे काम सोपं आहे. लोडरच्या पॉवर बियाँडमधून नव्या व्हॉल्व्हला तेल द्यायचं, नव्या व्हॉल्व्हचं टाकीचं तोंड फिल्टरमधून टाकीत सोडायचं, आणि लोडरच्या व्हॉल्व्हचं टाकीचं तोंडही वेगळ्या पाइपने टाकीत न्यायचं. बाजारात सीटॉप-३ या ठराविक मापाचे सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या कॉइलवर चालणारे, व्हॉल्व्ह सहज मिळतात. घेताना स्पूल टँडम सेंटरचा मागा, म्हणजे मधल्या स्थितीत पंपाचं तेल टाकीला मोकळं आणि जॅकची दोन्ही तोंडं बंद. दुकानदाराने कारखान्यातल्या मशीनचा सगळीकडून बंद मधला स्पूल दिला, तर ट्रॅक्टर चालू करताच पंप रिलीफवर कण्हायला लागेल आणि दहा मिनिटांत तेल तापेल. पंप सामायिक असेल आणि नव्या व्हॉल्व्हच्या पुढं मागची लिफ्ट येत असेल, तर साधा सीटॉप ब्लॉक लावू नका. पॉवर बियाँडची सोय असलेला खास ट्रॅक्टरचा व्हॉल्व्ह लागतो, कारण लिफ्ट उचलताना त्याच्या टाकीच्या तोंडावर पूर्ण दाब येतो. तीन स्पूलचा मोनोब्लॉक बसवून जुना दोन स्पूलचा काढणं हाही मार्ग आहे. पण मग तिसरी लिव्हर वेगळी येते आणि हात पुरत नाहीत.

जॅक किती मोठा घ्यावा? लोक इथं चुकतात आणि मोठ्याच्या मागं लागतात. हिशोब मांडून बघा. तुमच्या लोडरचा दाब १५० बार धरू. १ बार म्हणजे ढोबळमानाने चौरस सेंटिमीटरला १ किलो. ५० मिमी बोअरच्या, म्हणजे आतल्या व्यासाच्या, जॅकचं क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे ढकलण्याचा जोर जवळपास २.९ टन. ४० मिमीचं क्षेत्रफळ १२.६, जोर सुमारे १.९ टन. पंजाच्या बिजागरापासून जॅक १५ सेंटिमीटरवर जोडला आणि दाताचं टोक ७५ सेंटिमीटरवर असेल, तर टोकाला पाचवा हिस्सा पोचतो. ५० मिमीला ५८० किलो, ४० मिमीला ३८० किलो. फांद्या आणि पऱ्हाटी धरायला ३८० किलो भरपूर झाले. याहून जास्त जोर दिला तर तुमच्या गावात बनलेल्या पंजाचे हातच वाकतील. लहान जॅक भरायला तेलही कमी लागतं. ४० मिमी बोअर आणि २०० मिमी स्ट्रोकला, म्हणजे रॉडच्या पूर्ण हालचालीला, पाव लिटर तेल पुरतं. पंप मिनिटाला १५ लिटर देत असेल तर पंजा एका सेकंदात मिटतो. हे खरं तर फारच चटकन आहे, म्हणून पाइपात तेलाचा वेग कमी-जास्त करणारा फ्लो कंट्रोल टाका.

जॅक असा बसवा की तो लांब होताना पंजा मिटेल. पूर्ण पिस्टनचा जोर धरण्यासाठी मिळतो. पण इथं एक लपलेली गोष्ट आहे. रॉड २५ मिमीचा असेल तर रॉडच्या बाजूचं क्षेत्रफळ फक्त ७.७ चौरस सेंटिमीटर उरतं. त्या बाजूचं तेल बाहेर पडायला अडलं, मग ते बंद कपलरमुळे असो की पूर्ण आवळलेल्या फ्लो कंट्रोलमुळे, तर १५० बारचा दाब त्या बाजूला २४५ बारच्या आसपास चढतो. तारेच्या एका जाळीच्या तीन सूत, म्हणजे ३/८ इंची, होजची कामाची मर्यादा १८० बार असते, दोन जाळ्यांच्या होजची ३३०. होजवर आर-२ किंवा टू-एसएन छापलेलं वाचूनच घ्या. दोन्हींच्या किमतीत फरक आहे, पण इथं काटकसर करू नका. पाव इंची पाइप दाबाला चालेल, पण त्यात तेल फार वेगाने घासतं आणि तापतं. तीन सूतच घ्या.

होज कापण्याआधी पंजा पूर्ण उघडा, पूर्ण मिटा, बकेट दोन्ही टोकांपर्यंत वाकवा आणि दोरीने माप घ्या. सांध्याजवळ लांबी थोडी ढिली लागते. ती कमी पडली तर फिटिंगच्या मानेतून होज फाटतं, जास्त झाली तर बाभळीची फांदी त्यात अडकून ओढून नेते. संत्र्याच्या ओळींत काम आहे, म्हणून बाहेरून जुन्या ड्रिपच्या नळीचा तुकडा उभा चिरून चढवा. तो काट्यांपासून चांगला वाचवतो.

आट्यांचाही घोळ होतो. आपल्या बाजारात बहुतेक सामान बीएसपी (ब्रिटिश मापाच्या) आट्यांचं असतं, पण आयात व्हॉल्व्हवर एनपीटी (अमेरिकी मापाची) किंवा ओ-रिंगची तोंडं येतात. अर्धा इंची बीएसपी आणि एनपीटी या दोन्हींत इंचाला १४ आटे असल्यामुळे ती एकमेकांत चढतात. माणसाला वाटतं बसलं. पण आट्यांचा कोन एकाचा ५५ अंश आणि दुसऱ्याचा ६० अंश, त्यामुळे ते गळणारच. गळतं म्हणून पान्याला पाइप लावून आवळलं की व्हॉल्व्हचं बीड तडकतं. टेफलॉन टेप तर मी हायड्रॉलिकच्या कामात दुकानात ठेवतच नाही. तिचा धागा तुटून स्पूलमधे जातो आणि स्पूल अर्धवट अडकतो. बीएसपीला बाँडेड वॉशर (रबर चिकटवलेला धातूचा वॉशर) लावा.

मिटलेला पंजा ओझं घेऊन हळूहळू उघडायला लागला, तर बहुधा स्पूलच्या बारीक फटीतून तेल सरकतं आहे. कोणताही स्पूल थोडा सरकू देतोच. बांधावरून घरापर्यंत ओझं न्यायचं असेल तर जॅकजवळ पायलट चेक व्हॉल्व्ह (लिव्हरचा दाब आल्याशिवाय तेल परत न सोडणारी झडप) लावा, म्हणजे होज फुटलं तरी पंजा सुटणार नाही. मात्र त्याच्याबरोबर जॅकच्या तोंडावर रिलीफही हवा. मुळं उपटताना झाड पंजाला उलट ताणतं, आणि कोंडलेल्या तेलाला वाट नसली तर रॉड वाकतो.

विजेचं काम थोडक्यात. कॉइल साधारण ३० वॅटची असते, म्हणजे बारा व्होल्टवर अडीच अँपिअर. जॉयस्टिकच्या लहान बटणातून हा करंट सरळ नेऊ नका. रिले (लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावा, बॅटरीपासून फ्यूज घालून तार आणा, कॉइलवर डायोड टाका. कनेक्टरचं तोंड खाली ठेवा, नाहीतर मृगाच्या पहिल्या पावसात पाणी आत जाईल.

तेलाबद्दल. स्वतंत्र टाकी असेल तर विदर्भाच्या उन्हाळ्यात ६८ नंबरचं हायड्रॉलिक ऑइल भरा. सावलीतच पारा ४५ च्या वर जातो, तिथं ४६ नंबर फार पातळ पडतं. गिअरबॉक्समधलंच तेल लोडरला जात असेल तर मात्र कंपनीने सांगितलेलं ट्रॅक्टरचं तेलच हवं. त्याच तेलात ब्रेकच्या प्लेटा बुडालेल्या असतात. साधं हायड्रॉलिक ऑइल ओतलं तर ब्रेक बिघडतात. टाकी हाताला क्षणभरही धरवत नसेल तर थांबा. तेल ८० अंशांच्या वर गेलं की सील कडक व्हायला लागतात. आणि आपल्या काळ्या मातीची धूळ लक्षात ठेवा. कपलर सुटे असताना त्यांना टोपणं असलीच पाहिजेत. कपलरवरची चिमूटभर धूळही पंप झिजवते.

वजनाचा हिशोब बसवण्याआधी करा. लोडर पूर्ण उंचीवर समजा ३५० किलो उचलतो. पंजाचंच वजन ११० किलो असेल तर ओझ्यासाठी २४० उरले. आणि पंजाचं ओझं बकेटपेक्षा पुढं असतं, म्हणून त्यातूनही कमी धरा. छोट्या ट्रॅक्टरचा मागचा भाग हलका असतो. धुऱ्याच्या उतारावर ओझं वर धरून वळलात तर मागचं चाक उचलतं. तीन पॉइंटवर ६० बाय ४५ बाय ४० सेंटिमीटरची काँक्रीटची पेटी बसवा, तिचं वजन २६० किलोच्या आसपास भरतं. ओझं नेताना पंजा गुडघ्याएवढ्या उंचीवरच ठेवा.

पहिल्यांदा चालू कराल तेव्हा इंजिन हळू ठेवा. पंजा रिकामाच आठ-दहा वेळा उघडा-मिटा, म्हणजे हवा निघेल. मग टाकीची पातळी बघा, नवा जॅक आणि होज तेल पितातच. गळती शोधायला हात फिरवू नका. सुईएवढ्या छिद्रातून १५० बारने निघालेलं तेल कातडी भेदून आत जातं. जखम काटा टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, आणि काही तासांत हात गमवायची पाळी येते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा, त्यावर डाग उठतो. कुणाला असं तेल लागलंच तर हळद लावून घरी बसवू नका. थेट सर्जन असलेल्या दवाखान्यात न्या आणि दाबाचं तेल आत गेलंय हे स्पष्ट सांगा.

आणखी एक, उन्हाळ्यात तुम्हाला हे नक्की भेटेल. पंजा काढून गोठ्याबाहेर टाकला, दुपारभर ऊन लागलं, संध्याकाळी जोडायला गेलात तर कपलर बसतच नाही. जॅकमधे कोंडलेलं तेल तापून फुगतं आणि कपलरच्या आतून दाबून धरतं. हातोडीने ठोकू नका, कपलर चपटं होतं. काढतानाच काळजी घ्या. पंजा जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, चावी चालू ठेवून बटण दाबा आणि जॉयस्टिक दोन्हीकडे हलवा. आतला दाब निघून जातो. मग कपलर सोडा, टोपणं लावा आणि पंजा सावलीत ठेवा.

पंपापासून टाकीपर्यंतचा तो कागद काढून पाठवा. त्यावर व्हॉल्व्हच्या प्रत्येक तोंडाजवळ कोरलेली अक्षरं लिहा. ती बघितल्याशिवाय कोणत्याही व्हॉल्व्हसाठी बयाणा देऊ नका.